सव्वादोन सेकंद

जळगाव जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि गेली काही वर्षे विद्यार्थ्यांच्या बाहा संघाचा मार्गदर्शक म्हणून काम पाहतो. मुलांनी स्वतः आराखडा काढायचा, पाइप वाकवून आणि वेल्डिंग करून एका चालकाची, खडबडीत रानात धावणारी गाडी तयार करायची आणि ती मध्य प्रदेशातील पिथमपूरला नेऊन शेवटी चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत मोडू न देता पळवायची, असे बाहा एसएईइंडिया स्पर्धेचे स्वरूप असते. इंजिन पेट्रोल गटातल्या सर्व संघांना एकाच कंपनीचे, एका सिलिंडरचे, सुमारे 10 अश्वशक्तीचे वापरावे लागते. त्यामुळे नुसत्या ताकदीवर कोणी पुढे जात नाही. वजन, सस्पेन्शन आणि सीटवर बसलेला माणूस यांवर बरेच काही ठरते.

डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी, स्पर्धेला तीन-साडेतीन आठवडे उरलेले असताना, संघातील पाच मुले वेळांची वही घेऊन माझ्याकडे आली. आमचा पहिला चालक चौथ्या वर्षातला आणि दुसरा चालक दुसऱ्या वर्षातला. त्यांची नावे लिहिणे बरे नाही, म्हणून मी त्यांना थोरला आणि धाकटा असेच म्हणेन. गेल्या सहा सरावांत थोरला प्रत्येक फेरीत धाकट्यापेक्षा सुमारे सव्वादोन सेकंद मागे पडत होता. एकाच गाडीत, एकाच मातीवर, एकाच दिवशी. थोरल्याची सीट धाकट्याला द्यावी, हे मुलांचे म्हणणे स्पष्ट होते. फक्त एकाने खाली मान घालून विचारले, ‘‘सर, पण भाऊला सांगायचं कोणी?’’

हा प्रश्न इतका अवघड का होता, ते सांगायला हवे. थोरला पारोळा तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. गाडीच्या सांगाड्याचे निम्म्याहून अधिक वेल्डिंग त्याच्या हातचे होते आणि संघातील अर्ध्या मुलांना पाना कसा धरायचा हे त्याने शिकवले होते. धाकटा रावेरकडच्या केळी बागायतदाराचा मुलगा, आणि त्या वर्षीच्या चारही टायरचे पैसे त्याच्या वडिलांनी दिले होते. कोणी उघड बोलत नव्हते, पण सीट विकत घेतली जाते आहे की काय, ही कुजबुज माझ्या कानावर आली होती. त्या मुलाचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

त्या दुपारी वर्कशॉपमध्ये जी चर्चा झाली ती मुलांनी थेट फॉर्म्युला वनवर नेली, आणि ते स्वाभाविकही होते, कारण तिथे चालकाला मोजण्याची पहिली काठी म्हणजे त्याच गाडीतला त्याचा सहकारी. एकाने रेड बुल संघाचा चालक सर्जिओ पेरेझ याचे उदाहरण दिले. 2023 साली तो अजिंक्यपदाच्या यादीत दुसरा होता. 2024 च्या जूनमध्ये रेड बुलने त्याचा करार दोन वर्षांनी वाढवला आणि त्याच हंगामाच्या अखेरीस त्याचा सहकारी मॅक्स व्हर्स्टॅपेन याचे 437 गुण झाले तेव्हा पेरेझचे 152 होते. संघ सांघिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानावर घसरला आणि डिसेंबरमध्ये पेरेझची जागा गेली. ‘‘सर, दया दाखवली तर सगळा संघ बुडतो,’’ असे त्या मुलाचे म्हणणे.

मी त्याला पुढची गोष्ट विचारली. पेरेझच्या जागी आणलेल्या लियाम लॉसनला रेड बुलने 2025 मध्ये किती शर्यती दिल्या? दोन. त्याच्या जागी आलेल्या युकी त्सुनोडालाही त्या गाडीत व्हर्स्टॅपेनच्या जवळ जाता आले नाही. एकामागून एक माणसे त्याच सीटवर बसून हळू होत असतील, तर सगळी बुद्धी माणसावरच का खर्च करायची? तिथली गाडी पुढच्या चाकांवर फार तीक्ष्ण वळणारी, व्हर्स्टॅपेनच्या हाताला मानवणारी होत गेली, असे पेरेझ स्वतः सांगत आला आहे. पिअर गॅस्लीला याच संघाने 2019 मध्ये 12 शर्यतींनंतर खाली, आपल्याच दुय्यम संघात धाडले होते. पुढच्याच वर्षी त्याने त्या दुय्यम संघाच्या गाडीत मोंझाची शर्यत जिंकली. ही उदाहरणे देताना थोरल्याला वाचवावे असे माझ्या मनात नव्हते. घड्याळ किती उशीर झाला ते सांगते, का झाला ते सांगत नाही, आणि ते शोधल्याशिवाय मी कोणाची सीट काढणार नाही, एवढेच मी मुलांना सांगितले.

रविवारी आम्ही गाडी टेम्पोत घालून तापीकाठच्या एका शेतावर गेलो. ते रान धाकट्याच्याच घरचे होते. केळीचा बाग मोडून मोकळे केलेले, वरून भुसभुशीत आणि खाली घट्ट काळ्या मातीचे. तिथल्या नेहमीच्या मार्गाची धाकट्याला चांगली ओळख असणार, म्हणून सकाळी मी ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून नवा मार्ग आखून घेतला आणि दोघांनाही त्यावर आधी पायी फिरवले.

सकाळच्या फेऱ्यांत धाकट्याची उत्तम वेळ 47.8 सेकंद आणि थोरल्याची 50.1 आली. म्हणजे फरक जिथल्या तिथे. मी घड्याळ मुलांकडे दिले आणि तिसऱ्या वळणावर, नळीपासून दहा-बारा पावलांवर जाऊन उभा राहिलो. धाकटा वळणाच्या तोंडाशी ब्रेकवर एक फटका मारत असे, त्याबरोबर मागची चाके बाहेर फेकली जात, आणि गाडी जवळपास जागच्या जागी फिरवून तो पुन्हा ॲक्सिलरेटर दाबत असे. थोरला सरळ रेषेत, हलक्या पायाने ब्रेक लावत होता. तरीही गाडीची शेपूट सुटत होती. प्रत्येक वेळी तो स्टिअरिंग उलटे देऊन ती सावरायचा, क्षणभर थांबायचा आणि मग निघायचा. त्या थांबण्यातच सेकंद जात होते. पाच फेऱ्यांनंतर तो माझ्याजवळ येऊन थांबला, हेल्मेट काढले आणि घाम पुसत अहिराणीत म्हणाला, ‘‘मन्हं काय चुकी ऱ्हायनं, सर?’’ एरवी तो माझ्याशी कधीही अहिराणीत बोलत नसे.

मी गाडीच्या सेटिंगची वही मागवली. प्रत्येक सरावानंतर टायरमधली हवा, शॉक ॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण आणि ब्रेकच्या बॅलन्स बारची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणाऱ्या दांड्याची, जागा तिच्यात लिहिण्याची आमची पद्धत आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासूनच्या साऱ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात होत्या, धाकट्याच्या. त्याच काळात थोरला कॅम्पस मुलाखतींसाठी पुण्याच्या चकरा मारत होता, आणि सरावाला येणारा जो चालक होता त्याच्या सांगण्यानुसार मुलांनी गाडी थोडी थोडी बदलत नेली होती. मागची स्प्रिंग कडक झाली होती, मागच्या टायरची हवा 9 वरून 12 पीएसआय झाली होती आणि ब्रेकचा जोर मागच्या चाकांकडे सरकला होता. यात कोणाचे कारस्थान नव्हते. दर आठवड्याला वहीवर सही मी करत होतो आणि दोन महिन्यांच्या नोंदी एकत्र ठेवून मी एकदाही पाहिल्या नव्हत्या. ही चूक माझी होती आणि ती मी तिथेच, सर्वांसमोर सांगितली.

दुपारी शेतावर भरीत आणि कळण्याच्या भाकरी झाल्या, पण जेवणावर कोणाचे लक्ष नव्हते. थोरला पंगतीतून लवकर उठला आणि स्वतःच बॅलन्स बार फिरवू लागला.

सप्टेंबरची सेटिंग परत लावून दोघांना पुन्हा धावायला सांगितले. थोरल्याची वेळ 48.9 वर आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या चालू असतानाच धाकटा त्याच गाडीत, त्याला नकोशा झालेल्या सेटिंगवर, 48.3 मध्ये फेरी करून आला. मग मी दोघांना अर्धा-अर्धा तास सलग चालवायला लावले. दोघांच्याही 36 फेऱ्या झाल्या. धाकटा बहुतेक फेऱ्यांत पुढे होता, पण दोनदा गाडी गरकन फिरून नळ्यांवर गेली आणि कमावलेला वेळ तिथे गमावला. थोरल्याच्या फेऱ्या मात्र एकमेकींपासून सेकंदाच्या आत होत्या.

म्हणजे सव्वादोन सेकंदांतला मोठा वाटा गाडीचा होता, पण सगळा नव्हता. उरलेला सहा दशांश सेकंद थोरल्याचा स्वतःचा होता, आणि संघाची सर्वांत वेगवान फेरी अजूनही धाकट्याची, त्याच्याच सेटिंगवरची होती. तपास केला म्हणून त्याचे फळ थोरल्याच्याच बाजूने लागले पाहिजे, असे समजणेही अन्यायच ठरले असते. त्याने गाडी बांधली, हा युक्तिवाद एका मुलीने डोळ्यांत पाणी आणून केला. मी तो मानला नाही. बांधण्याचे श्रेय आराखड्याच्या सादरीकरणात त्याच्या नावावर जाईल. सीट हे बक्षीस नाही, ते त्या चार तासांतले एक काम आहे. टायरच्या पैशांचा विषयही मी उघडपणे काढला आणि दोघांच्या वेळा सर्वांना मोठ्याने वाचायला लावल्या.

निर्णय असा दिला. आखीव वळणांच्या, एकेका फेरीच्या चाचणीत धाकटा बसेल आणि गाडी त्याच्या सेटिंगवर असेल. एन्ड्युरन्सला सप्टेंबरची सेटिंग राहील. गर्दीतली सुरुवात आणि पहिला टप्पा थोरल्याचा, नंतरचा धाकट्याचा. आजवर दोन्ही ठिकाणी पहिला चालक थोरला होता, म्हणजे त्याच्याकडून अर्धी जागा जात होती. हे मी त्याला बाजूला घेऊन न सांगता सर्वांदेखत सांगितले. ते योग्य होते का, याविषयी मला आजही पूर्ण खात्री नाही. मला तेव्हा वाटले की कुजबुज बंद व्हायची असेल तर कारणे सर्वांनी एकाच वेळी ऐकली पाहिजेत. पण त्याचा चेहरा उतरलेलाही सर्वांनी एकाच वेळी पाहिला.

तो काही बोलला नाही. सूर्य कलला होता आणि मुले नळ्या गुंडाळत होती. थोड्या वेळाने पाहिले तर धाकटा सीटवर बसलेला होता आणि थोरला गाडीशेजारी गुडघे टेकून त्याच्या खांद्यावरचे पट्टे ओढून पाहत होता. धाकटा अंगाने बारीक, त्यामुळे पट्टे दर वेळी नव्याने आवळावे लागत आणि चालक बदलताना त्यात वेळ जाई. थोरल्याने खिशातून पांढरा मार्कर काढला, दोन्ही पट्ट्यांवर बकलपाशी एक-एक आडवी रेघ मारली आणि म्हणाला, ‘‘ही तुझी खूण. माझी चार बोटं वर आहे.’’ मग त्याने धाकट्याला उतरवले, स्वतः बसला आणि आपलीही रेघ मारून घेतली.