अंगठा दिला नाही म्हणून वाचलो

हे सगळं डाव्या हाताने मोबाईलवर टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. उजवा हात खांद्यापासनं नुसता लोंबतोय, पाय ओढत का होईना चालतो.

२०२३ चा जुलै. सेकंड शिफ्ट करून घरी आलो, जेवलो, झोपलो. पहाटे बाथरूमला जायचं म्हणून पाय खाली टाकला तर पाय कुठाय तेच कळंना. बायकोला हाक मारायला गेलो तर तोंडातनं भलतंच काहीतरी निघालं. मेंदूत गुठळी. मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर हेमिप्लेजिया लिहिलं, आमच्याकडं अंगावरनं वारं गेलं म्हणतात. वय ४४.

कुपवाड एमआयडीसीत १७ वर्षं काढली, आधी लेथवर मग सीएनसी मशीनवर. पगार १७,४०० आणि त्यातनं ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १३१ रुपये कापायचे. दर महिन्याला पगाराची स्लिप बघून आम्ही पोरं म्हणायचो, हे १३१ कुणाच्या घशात जातात रे? तर ते माझ्याच घशात आले की. आजारी पडल्यावर ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात, माझे रोजचे ४०६ रुपये व्हायचे. त्यासाठी सारखं डॉक्टरचं सर्टिफिकेट नवं करून घ्यायचं, म्हणजे बायको मला रिक्षात कोंबणार, तिथं बाकड्यावर बसवणार, रांगेत ती उभी राहणार. त्या रांगेवर वेगळं लिहीन कधीतरी.

गणपती उठले आणि चारेक दिवसांनी एचआरवाले साहेब घरी आले, बरोबर आमचा सुपरवायझर आणि एक किलो सफरचंद. तब्येतीची विचारपूस झाली, चहा झाला, मग फाईल उघडली. "दादा, मशीन किती दिवस मोकळं ठेवणार, वरनं प्रेशर आहे. तुम्ही राजीनामा द्या, हिशोब चांगला करून देतो, पीएफपण लगेच मोकळा होईल." पत्र इंग्रजीत टाइप करूनच आणलेलं. मी म्हटलं साहेब सही कशी करू, हात बघताय न्हवं. तर म्हणाला चालतंय की, डावा अंगठा द्या, आणि खिशातनं शाईचं पॅड काढलं. म्हणजे गडी घरनंच तयारी करून आलता!

खरं सांगतो, कायदा मला घंटा माहीत नव्हता. पैशाची चणचण एवढी होती की सही करता आली असती तर मी बहुतेक केलीच असती. पण अंगठा म्हटल्यावर डोकं फिरलं. माझ्या बापानं साखर कारखान्यात आयुष्यभर पगारपत्रकावर अंगठा उठवला आणि मला आयटीआयला घालताना मास्तरला सांगितलं होतं, ह्याला सही करायची नोकरी लागली पायजे. मी म्हटलं अंगठा देणार नाही. बोलणं तेव्हा अजून तोतरं होतं, साहेबाला दोनदा सांगायला लागलं. सुपरवायझर बिचारा खाली मान घालून सफरचंदाच्या पिशवीकडं बघत बसलेला.

पंधरा दिवसांत रजिस्टर पोस्टानं पत्र आलं, दीर्घकाळ गैरहजर म्हणून सेवा समाप्त. वर फोन करून सांगतायत की दवाखान्यातनं फायनल सर्टिफिकेट घेऊन या मग हिशोब करू. फायनल म्हणजे काय, तर माणूस कामावर जायला फिट झाला! हात हलंना आणि म्हणे फिट.

पत्र घेऊन बायको गल्लीतल्या अण्णांकडं गेली. अण्णा सूतगिरणीत युनियनचं बघायचे, आता रिटायर आहेत. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि चक्क खूश झाले. म्हणाले, पोरी, त्यांनी काढलंय ते बरंय, ह्यानं सोडली असती तर मेला असता. तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं ७३ कलम असं होतं की आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला काढता येत नव्हतं, तशी नोटीस दिली तरी ती चालत नव्हती. पण राजीनामा दिला की "स्वखुशीने" आलं, मग ७३ नाही न् बहात्तर नाही. आणि कायमचं ४० टक्के अपंगत्व येऊन नोकरी गेली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत एक वर्ष पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के मिळू शकतात, तिथंपण स्वतःहून सोडलेल्याला काही नाही.

दुसरी गोष्ट अण्णांनी सांगितली ती मला तीन महिन्यांत कुणीच सांगितली नव्हती, की ९१ दिवस संपले म्हणजे सगळं संपलं असं नसतं. ईएसआयची ३४ मोठ्या आजारांची यादी आहे, टीबी, कॅन्सर वगैरे, त्यात हेमिप्लेजिया आहे. त्याला ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत भत्ता वाढवून मिळतो, फक्त आधीची वर्गणी पुरेशी भरलेली पाहिजे. माझी १७ वर्षांची होती. कागद फिरायला वेळ लागला, मधे सोसायटीचा हप्ता थकला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, पण शेवटी ४६४ रुपये रोजानं मागची बाकी एकदम जमा झाली.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पण काढलं, ४० टक्क्यांच्या वर असल्यामुळं एसटीला ७५ टक्के सवलत मिळती. संजय गांधी निराधारला मात्र बसलो नाही. त्यात दिव्यांगाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि माझा दाखला निघतो मागच्या वर्षाच्या पगारावर, दोन लाखाच्या वर. म्हणजे नोकरी गेल्या गेल्या तुम्ही श्रीमंत असता, गरीब व्हायला एक वर्ष थांबायचं.

सेवा समाप्तीविरुद्ध सहायक कामगार आयुक्तांकडं अर्ज दिलाय. दोन तारखा झाल्या, एकीला कंपनीकडनं कुणी आलंच नाही. पुढची तारीख पंधरवड्यात आहे.

तोवर पोरीच्या वहीच्या मागच्या पानांवर डाव्या हातानं सही गिरवतोय. जमतीय बऱ्यापैकी. पण बँकेत जुन्या सहीशी जुळंना म्हणून काल बाईंनी स्लिप परत केली आणि पॅड पुढं सरकवलं, काका अंगठाच द्या, सोपं पडंल. बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाईंना काय कळंना. दिला, काय करता, भत्त्याचे पैसे काढायचे होते.