भीमगडच्या रानात एक दिवस

काल पहाटेच बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून हेम्मडगा गावाकडे निघालो. भीमगड अभयारण्य, 2011 साली घोषित झालेलं. वनखात्याची परवानगी काढूनच आत जायचं, आणि ते योग्यच आहे. आपल्याच तालुक्यातलं हे रान इतक्या उशिरा पाहिलं, याचं खरंच वाईट वाटलं. दाट झाडी, दुपारीही सावलीच सावली. शेकरूचा आवाज आला, दिसलं नाही. म्हादई नदीकडे जाणारा एक ओढा मात्र भेटला. ही म्हादई पुढे गोव्यात मांडवी होते! थंडगार पाण्यात पाय सोडून कितीतरी वेळ बसलो, कुणीच बोललं नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत दुर्मिळ वटवाघळं राहतात. तिकडे मुद्दामच गेलो नाही, त्यांना त्रास नको. परतताना एका आजींनी ताक दिलं. म्हणाल्या, "पावसात येऊ नकोस बाळा, वाटच ऱ्हात न्हाई."