सगळ्यांची सवय हवी, सगळ्यांशी दोस्ती नको

पुढे गाईड डॉग होणारं पिल्लू घेऊन बाहेर पडलं की जो तो हात पुढे करतो. सांभाळणाऱ्यालाही वाटतं, जितके जास्त हात लागतील तितकं पिल्लू माणसाळेल. गडबड इथेच होते. माणसाळलेलं पिल्लू वेगळं आणि माणूस दिसला की पट्टा ओढत धावणारं पिल्लू वेगळं. उद्या याच कुत्र्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या मुठीच्या पट्ट्याला, धरून एक दृष्टिहीन व्यक्ती रस्ता ओलांडणार आहे. कोणी चुचकारलं म्हणून कुत्रा दोन पावलं वळला, तर ती व्यक्तीही वळते, आणि का वळलो हे तिला कळत नाही. म्हणून माणसं पिल्लाला रस्त्यावरच्या खांबांसारखी वाटायला हवीत. (खांबांतही कुत्र्यांना भलताच रस असतो, ते सोडा.)

ब्रिटनमध्ये १९३१ साली दृष्टिहीन व्यक्ती आणि गाईड डॉग यांच्या पहिल्या जोड्या तयार झाल्या, त्यांतले कुत्रे मोठ्या वयाचे अल्सेशियन होते. पिल्लं घरोघरी वाढवायला द्यायची पद्धत तिथे १९५६ मध्ये आली. जगाशी ओळख व्हायची सगळ्यात सोपी मुदत साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असते. पिल्लू घरी येतं सात-आठ आठवड्यांचं. म्हणजे हाताशी जेमतेम सहा आठवडे उरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत लसीकरण अपुरं असतं. मुख्य लसींचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर येतो.

मग घरात कोंडून ठेवायचं का? नाही, उचलून न्यायचं. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा अनोळखी कुत्री फिरतात तिथे पाय टेकवायचे नाहीत. पण कडेवर किंवा पुढे बांधलेल्या पिशवीत बसून बसथांबा, शाळा सुटण्याची वेळ, दुकानाचं सरकतं दार हे सगळं बघता येतं. सुरुवातीला एका फेरीत एकच नवी गोष्ट, पाच ते दहा मिनिटं, मग घरी झोप. या वयात दिवसातले अठरा तास झोपेत जातात. झोप अपुरी झालेलं पिल्लू दातांनी सगळं ओरबाडतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

माणसं भेटवताना वैविध्य मोजायचं, संख्या नाही. दाढीवाला, हेल्मेट घातलेला, छत्री उघडणारी, कुबड्या घेतलेला, व्हीलचेअरवरची, पांढरी काठी टेकत जाणारा, पळणारी मुलं. यातली बहुतेक माणसं नुसती जवळून गेली तरी काम होतं. माणूस दिसला, पिल्लाने पाहिलं, की लगेच आपल्या डाव्या गुडघ्याशी एक दाणा. गाईड डॉग डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावा गुडघा. दाणे रोजच्या जेवणातूनच काढून ठेवायचे, नाहीतर वजन चढतं. काही दिवसांत माणूस दिसताच पिल्लू आपल्याकडे वळून बघायला लागतं.

हात लावू द्यायचा तो मोजक्याच लोकांना, आणि त्याची रीत ठरलेली. त्यांनी आधी विचारायचं. आपण “एक मिनिट थांबा” म्हणून पिल्लाला बसवायचं किंवा निदान चारही पाय जमिनीवर येऊ द्यायचे. समोरच्याने तिरकं उभं राहून खाली वाकायचं, हात डोक्यावरून न आणता हनुवटीखाली किंवा छातीला लावायचा. तीन सेकंद कुरवाळून हात मागे. पिल्लू पुढे झुकलं तर आणखी तीन सेकंद. मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली तर पुरे झालं. या जांभईला लोक हमखास “झोप आली वाटतं” म्हणतात. बहुधा ती अवघडलेपणाची असते. उडी मारली तर पाहुण्याने सरळ उभं राहून पाठ फिरवायची. “असू दे, मला चालतं” म्हणणारे प्रेमळ लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात, त्यांना गोड शब्दांत थांबवावं लागतं. खाऊ तर कोणाच्याच हातून नको. पुढे टेबलाखालचं उचलून खाण्याची खोड इथूनच लागते.

पिल्लू दचकलं तर तेवढ्याने बिघडत नाही. किती लवकर सावरलं ते बघायचं. झाकण आपटलं, पिल्लू मागे सरलं आणि दोन-तीन सेकंदांत वास घ्यायला पुढे आलं, तर उत्तम. शेपूट पोटाशी गेली, दाणाही तोंडात घेईना, तर आपण फार जवळ आलोय. मागे जायचं, ते पुन्हा खायला लागेल इतकं लांब. पट्ट्याने ओढून भीतीच्या वस्तूपाशी नेऊ नये. दाणा दाखवून नेणंही तितकंच वाईट: खाण्याच्या नादात ते पुढे जातं, दाणा संपतो, आणि नको ती वस्तू थेट नाकासमोर.

जाळीची झाकणं, गुळगुळीत फरशी, मधून आरपार दिसणाऱ्या पायऱ्या यांवर स्वतःहून एक पाऊल टाकलं तरी शाबासकी द्यायची. लहान पिल्लाला लांब जिने चढवू-उतरवू नयेत. सरकत्या जिन्यावर तर अजिबात नाही, फटीत नखं आणि बोटं अडकतात. लिफ्टमध्ये दार बंद होण्याआधी शेपूट आत आहे का बघा.

आत कुठेही शिरण्याआधी ठरलेल्या शब्दावर शी-शू उरकून घ्यायची. आत गेल्यावर चटई खुर्चीखाली, पंजे आणि शेपूट जाण्या-येण्याच्या वाटेबाहेर. दहाव्या आठवड्यात पाच मिनिटं बसलं तरी खूप; पाचव्या महिन्यात अर्धा तास जमायला हवा. चुळबुळ सुरू होण्याआधीच उठावं, नाहीतर कुंई केलं की बाहेर जाता येतं हे ते शिकून बसतं.

सहा महिन्यांनंतर कधीतरी रोजच्याच कचराकुंडीवर भुंकणं सुरू होईल. वयाचा भाग आहे. अंतर वाढवून तेच धडे पुन्हा. अशा गोष्टी वहीत तारखेसह लिहा: कशाला दचकलं, किती लांबून, सावरायला किती सेकंद लागले. साधारण सव्वा वर्षाचं झाल्यावर ते प्रशिक्षकाकडे जातं, तेव्हा “जरा भित्रं आहे” या शेऱ्यापेक्षा “नवव्या महिन्यात फडफडणाऱ्या ताडपत्रीला दचकलं, दहा पावलांवरून दाणा खाल्ला” ही नोंद प्रशिक्षकाच्या खऱ्या उपयोगाची.