झेपलिनचा तिसरा

रविवार, रात्री उशिरा

घरचे सगळे गावाला गेलेत. आवाजावरून बोलणारं कुणी नाही, म्हणून लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे पहिले चार अल्बम आज ओळीने ऐकले. सगळे 1969 ते 1971 या तीन वर्षांतले. आता कान गरम झालेत, पण डोकं ताजं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

पहिला जानेवारी 1969चा. कुठल्या कंपनीशी करार व्हायच्या आधीच बँडचा गिटारवादक जिमी पेजने खिशातले पैसे घालून लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत तो केला. 36 तासांत उरकला, असं तो सांगतो. पैसे स्वतःचे असले की माणूस फापटपसारा करत नाही, आणि ते ऐकू येतं.

दुसरा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधला. दौरे चालू असताना, जिथे जमेल त्या स्टुडिओत केलेला. दणका जबरदस्त. पण 'होल लॉटा लव्ह'मधले शब्द अमेरिकन ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या गाण्यातून उचलले होते. त्याने 1985मध्ये दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला आणि मग त्याचं नाव लागलं. आवडत्या बँडचं असं काही लिहिताना हात थोडा अडतो, पण आहे ते आहे.

माझं खरं प्रेम तिसऱ्यावर. दौऱ्यांनी दमलेले पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट 1970मध्ये वेल्समधल्या ब्रॉन-इर-ऑर नावाच्या घरात जाऊन राहिले. तिथे वीज नाही, नळ नाही. साहजिकच अकूस्टिक गिटारवरच्या चाली सुचल्या. ऑक्टोबरमध्ये अल्बम आला आणि टीकाकार तुटून पडले: हार्ड रॉकवाले मवाळ झाले म्हणे! अरे, सुरुवातीलाच 'इमिग्रंट साँग' किंचाळत अंगावर येतं ते काय मवाळ? आणि 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'? ते तर मी आज दोनदा ऐकलं. प्लँटचा आवाज वर फाटत जातो तिथे अजूनही घशाशी येतं.

पेजला ती टीका झोंबली. म्हणूनच नोव्हेंबर 1971च्या चौथ्याच्या कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. आत फक्त चौघांची चार चिन्हं. लोक चौथ्याला डोक्यावर घेतात ते रास्तच आहे. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या घरात जिन्याखालच्या दालनात ठेवून माइक जिन्यावरून टांगले होते. ड्रमर जॉन बॉनमच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते अख्खं घर वाजतं. पण 'गोइंग टू कॅलिफोर्निया' किंवा 'बॅटल ऑफ एव्हरमोअर' करायची हिंमत तिसऱ्यानेच दिली, असं माझं ठाम मत.

झोपण्याआधी मुंबईचं रेकॉर्डिंग लावलं. 1972मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले होते, तेव्हा इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा वाजवून घेतली. एक तिसऱ्यातलं, एक चौथ्यातलं. 'फोर स्टिक्स'ला बॉनमने मुळात दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरल्या होत्या, मात्रांचा हिशेबही पाच आणि सहाचा. आपल्या तबलेवाल्यांना त्यात नवल वाटलं नसावं. दोन्ही मुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं, तीही जादाच्या डिस्कवर. मुंबईचं 'फ्रेंड्स' तर मला मूळ गाण्यापेक्षा उजवं वाटतं.