सातासमुद्रापार मोरीवरची कर्दळ

लेक फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला राहते. मे महिन्यात तिच्याकडे गेले, तेव्हा तिने विचारलं, "आई, डिस्नी की समुद्र?" मी म्हटलं, "कर्दळ." ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

सांगलीच्या आमच्या घरी मोरीमागे कर्दळ होती. सांडपाण्यावर पोसलेली, कुणी मुद्दाम न लावलेली, तरी बारमाही लाल. मला ती आपल्याच मातीतली वाटायची. शास्त्रीय नावातही 'इंडिका' आहे, मग शंका कशाला घ्यायची? पण ते 'इंडीज' म्हणजे वेस्ट इंडीज. कर्दळीच्या कुळात हा एकच वंश, 2008 च्या शास्त्रीय आढाव्यानुसार त्यात जेमतेम 10 रानटी जाती, आणि त्या सगळ्या अमेरिका खंडातल्या. जुन्या मराठी काव्यात 'कर्दळी' येते ती केळ असते. पानं केळीसारखी दिसल्यामुळे ते नाव या पाहुणीला चिकटलं असावं, असा आपला माझा अंदाज.

या 10 पैकी एक, पिवळी कर्दळ, शास्त्रीय नाव कॅना फ्लॅसिडा, फ्लोरिडाच्या दलदलीत आपसूक उगवते. तीच बघायची होती.

पहिल्या दिवशी फजिती झाली. पोहे, चहा, जावयाची मीटिंग असं करत स्वीटवॉटर वेटलँड्स पार्कला पोचेपर्यंत 11 वाजून गेले. ऊन मी म्हणत होतं. कर्दळी हारीने उभ्या होत्या, पण प्रत्येक दांड्यावर ओल्या टिश्यू पेपरसारखा पिवळा लगदा लोंबत होता. ही फुलं संध्याकाळकडे उमलतात आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात मान टाकतात. हे घरी वाचून आले होते, तरी उशिरा पोचले. दोष पोह्यांचा नाही, माझाच.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या वेळेलाच हजर झालो. लाकडी पायवाटेखाली पाण्यावर धुकं होतं. अॅलिगेटर ओंडक्यासारखा पडलेला आणि लिंपकिन नावाचा पक्षी कुणी गळा काढावा तसा ओरडत होता. आणि कर्दळी! कमरेएवढी झाडं, रुंद पानं, त्यावर लिंबाच्या सालीसारख्या रंगाची, हाताच्या तळव्याएवढी फुलं. आपल्या बागेतल्या कर्दळीसारखी ताठ, भरगच्च नव्हेत. पातळ, सैल, वाऱ्याने विस्कटलेली वाटावीत अशी.

तोडायला मनाई आहे, म्हणून फळीवर गळून पडलेलं एक फूल उचललं आणि कठड्यावर ठेवून सोडवत बसले. बाहेर 3 हिरवी संदलं, म्हणजे कळीला झाकणारी छोटी पानं. मग 3 अरुंद पाकळ्या, त्याही मागे दुमडलेल्या, लाजून बाजूला झालेल्या. खऱ्या पाकळ्या एवढ्याच! आपण ज्याला पाकळ्या म्हणतो तो पिवळा पसारा म्हणजे मुळात पुंकेसर. परागकण करायचं काम सोडून नुसते सजून बसलेले. उरलेला एकच कामाचा, तोही अर्धा. त्याच्या एका कडेला परागाची एकुलती पिशवी, दुसरी कड पाकळीसारखी. शेजारी स्त्रीकेसराची चपटी पट्टी. कळी मिटलेली असतानाच पराग या पट्टीवर लावून ठेवलेले असतात, आणि येणारा कीटक ते तिथून नेतो. हे फूल कुठूनही दुभागा, दोन सारखे अर्धे मिळत नाहीत. रांगोळीत काढायला अवघड.

लेकीने विचारलं, "मग एवढी रंगीबेरंगी कर्दळ आली कुठून?" 1840 च्या दशकात तेओदोर आने नावाच्या फ्रेंच गृहस्थाने संकर सुरू केले. पुढे इटलीत कार्ल स्प्रेंगरने ही पिवळी दलदलवाली वापरून मोठ्या, मऊ फुलांचे संकर केले. म्हणजे नगरपालिकेच्या दुभाजकावर जी भडक कर्दळ असते, तिच्यात या पातळ फुलाचं थोडं रक्त असू शकतं. मला दुभाजकावरची कधीच आवडली नाही. आता थोडी आवडेल.

बाकीच्या बहिणी मी पाहिलेल्या नाहीत. पेरू देशातल्या डोंगरात इरिडिफ्लोराची गुलाबी फुलं खाली लोंबतात, तिथे गुंजनपक्षी येतात. ग्लॉका पाण्यात उभी राहते, तिची पानं निळसर राखाडी, अरुंद. आणि आपली लाल इंडिका अँडीजमध्ये 'अचिरा' नावाने चक्क खातात. पेरूतल्या कुस्को शहरात कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाला तिचे कंद भाजून विकायला येतात. मोरीवरच्या झाडाचा कंद खायचा, हे आईला सांगितलं असतं तर तिने मला आधी अंघोळीला पाठवलं असतं.

काही दांड्यांवर काटेरी मऊ बोंडं धरली होती. लहानपणी त्यातल्या काळ्या कुळकुळीत बियांचा आम्ही खुळखुळा करायचो. अर्जेंटिनात एका थडग्यात असाच, अक्रोडाच्या कवचाचा खुळखुळा सापडला होता. त्यातलं कर्दळीचं बी सुमारे 600 वर्षांनी रुजलं!

बऱ्याच पानांच्या सुरळ्या झालेल्या. एक उकलली तर आत स्किपर फुलपाखराची अळी, इतकी पारदर्शक की आतलं सगळं दिसावं. लेक किंचाळली, मी सुरळी परत मिटली.

निघताना फलक वाचला. शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी आणि ओढ्याचं पाणी या तळ्यांतून फिरवतात, वनस्पती आणि चिखल त्यातला नायट्रोजन शोषतात, मग ते पाणी पेन्स प्रेअरी या मोठ्या गवताळ दलदलीत जातं. 1774 मध्ये विल्यम बार्ट्रम हा वनस्पतींचा वेडा तिथे आला होता. सेमिनोल लोकांच्या मुखियाने त्याला 'पक पगी' नाव दिलं, म्हणजे फुलं शोधणारा. लेक म्हणाली, "तुला पण हेच म्हणू या." मी मात्र फलकाच्या पहिल्या ओळीवरच अडले होते. सांडपाणी. म्हणजे इथेही मोरीवरच!

तिथूनच वहिनीला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

"वहिनी, मोरीमागची कर्दळ फुललीय का? आत्ता बघून सांगा."

"अहो वन्सं, अमेरिकेत जाऊन कर्दळ विचारताय?" चपलांचा आवाज, बादली सरकल्याचा आवाज. "आहे की, लाल. दोन फुलं. देवाला तोडायची राहिली सकाळी."

"ताजी आहेत?"

"टवटवीत."

"बरं, मग राहू द्या."