एफटीपी की एसएफटीपी? घरच्या लॅपटॉपसाठी प्रोग्रॅम निवडताना

वेबसाइटच्या सर्व्हरवर फाइली चढवायच्या दोन पद्धती: जुनी एफटीपी आणि सगळं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून पाठवणारी एसएफटीपी. प्रोग्रॅम शोधण्याआधी सर्व्हरला यातलं काय चालतं ते बघा. मी उलटं केलं, त्यात वेळ गेला. होस्टिंगवाल्याच्या (सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या) मेलमध्ये पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, दिलेला असतो. 21 असेल तर एफटीपी, 22 असेल तर एसएफटीपी. साधं एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतं, म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये एसएसएच (ज्या सुरक्षित जोडणीवर एसएफटीपी चालतं ती) चालू करता येतं का ते आधी तपासलं. येत होतं. येत नसेल तर टीएलएसचा, म्हणजे एफटीपीच कुलूपबंद करून पाठवायचा, पर्याय सक्तीचा ठेवा. 'मिळालं तर वापर' असं ठेवलंत तर जोडणी साध्या एफटीपीवर उतरू शकते. ब्राउझरमधून काम भागवू म्हणाल, तर क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही 2021 मध्ये एफटीपी काढून टाकलं.

मग उरले दोन: फाइलझिला आणि विनएससीपी. दोन्ही फुकट. फाइलझिला विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, विनएससीपी फक्त विंडोजवर. फाइलझिलात मास्टर पासवर्ड लावला नाही, तर साठवलेले पासवर्ड एका साध्या फाइलीत नुसत्या एन्कोडिंगखाली (कुलूप नाही, फक्त अक्षरांची अदलाबदल) पडून असतात. ते उलगडायला अक्कल लागत नाही. घरचा लॅपटॉप चारजण वापरतात, तिथे मास्टर पासवर्ड लावणं हे पहिलं काम.

माझा कौल विनएससीपीकडे गेला तो लाइट जाते म्हणून. 10 एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला फार तर सव्वा एमबी. 4 जीबीचा व्हिडिओ चढायला पाऊण तासाच्या वरच लागतो आणि तेवढ्यात राउटर एकदा तरी बंद पडतोच. विनएससीपी एसएफटीपीवर 100 केबीपेक्षा मोठी फाइल आधी '.फाइलपार्ट' अशी शेपटी लावून चढवतो आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलतो. त्यामुळे अर्धवट फाइल पुरी समजून चालण्याची भीती नाही, आणि परत जोडल्यावर तिथूनच पुढे जाता येतं. फाइलझिलातही पुढे चालू ठेवता येतं, पण 'फाइल आधीच आहे' अशी खिडकी आल्यावर घाईत 'ओव्हरराइट' दाबलं की परत शून्यापासून.

देवनागरी नावांनी मात्र छळलं. फोटोंच्या नावांऐवजी डोक्यावर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसली, तर साइटच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-8 (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) सक्तीचं करा. तरीही लांब नावाची फाइल चढत नसेल तर मोजणी करा: लिनक्स सर्व्हरवर नाव सहसा 255 बाइटांपर्यंतच चालतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे धरले जातात. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. त्यात '.फाइलपार्ट'ची रोमन शेपटी आणखी 9 बाइट घेते. 'आजीच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाचे...' असं सुरू होणारं नाव तिथेच अडकतं.

साध्या एफटीपीवरच राहावं लागलं, तर दोन तक्रारी ठरलेल्या. लॉगिन होतं पण फोल्डरची यादी येत नाही: राउटरमागून ॲक्टिव्ह मोड (यात सर्व्हर उलट तुमच्याकडे जोडणी करतो) सहसा चालत नाही, पॅसिव्ह (यात दोन्ही जोडण्या तुमच्याकडूनच होतात) करा. 421 क्रमांकाची चूक आणि सोबत जास्त जोडण्या झाल्याचा निरोप: एकाच वेळी चढणाऱ्या फाइली 1 वर आणा. हजारो बारीक फाइली असतील तर आधी झिप करा, पण सर्व्हरवर ती उघडायची सोय आहे ना ते बघून.

एसएफटीपीच्या पहिल्या जोडणीला प्रोग्रॅम सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) दाखवून 'विश्वास ठेवायचा का' असं विचारतात. कंट्रोल पॅनलमध्ये ठसा दिला असेल तर जुळवून मगच 'हो' म्हणा. नंतर कधी तो बदलल्याचा इशारा आला, तर होस्टिंगवाल्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.