विमानाचा ऑक्सिजन पहिल्यांदा भरला तेव्हा

मी वेंगुर्ल्याचा, विमान मेन्टेनन्समध्ये लागून दोन वर्षं झाली. मे महिन्यात इथेच किनाऱ्याजवळच्या धावपट्टीवर एका छोट्या ट्विन इंजिन विमानाची ऑक्सिजनची बाटली भरायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं, सिनियर दादा शेजारी उभे होते. मी पान्याला हात घालणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "डोक्याक तेल लावलंस मा? जा, आधी हात धुवन ये." खोबरेल लावलं होतं खरं, सकाळी आईने. हाय प्रेशर ऑक्सिजनला तेल, ग्रीस लागलं की ठिणगी नसतानाही पेट घेऊ शकतं. साबणाने दोनदा हात धुतले, केसांवर टोपी घातली, स्वच्छ ग्लोव्ह्ज चढवले.

विमान उघड्यावर घेतलं, पॉवर बंद, अर्थिंग लावलं, इंधनाचा टँकर लांब, आसपास कुणी बिडी-सिगरेट ओढत नाही ना ते बघितलं. ज्यातून भरायचं त्या सिलिंडरवर एव्हिएटर्स ब्रीदिंग ऑक्सिजन, म्हणजे विमानात श्वासासाठी वापरायचा कोरडा ऑक्सिजन, लिहिलंय का ते सर्टिफिकेटशी पडताळलं, कारण यात ओलावा जवळजवळ नसावाच लागतो, वर उणे चाळीसच्या थंडीत पाणी लाइनमध्येच गोठलं तर पायलटला मास्कमधून काही येणारच नाही.

मग होज, म्हणजे सिलिंडरमधून बाटलीत गॅस नेणारी नळी, काढला आणि तिथेच अडलो. गेल्या वेळी कुणीतरी टोकाला कॅप न लावताच ठेवला होता. फिटिंगच्या आट्यांत मिठाचा पांढरा थर आणि कापडाचा एक धागा, नखाएवढासुद्धा नसेल, पण दादांनी होज बाजूलाच ठेवला, पुसून चालवूया म्हणालेसुद्धा नाहीत. खाऱ्या हवेत उघडं ठेवलेलं फिटिंग बघून मला खरंच राग आला, कारण वरच्या माणसाचा श्वास त्यातून जाणार असतो. दुसरा सीलबंद होज घेतला, आधी थोडा गॅस सोडून तो पर्ज केला, मग जोडला.

व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा. भस्सकन उघडलात तर गॅस दाबला जाऊन एवढा तापतो की आतलं सील वगैरे पेटू शकतं. दादा काटा बघत नुसतं "हळू… हळू" म्हणत होते आणि मला घाम फुटलेला. आमच्या बाटलीचं फुल प्रेशर १८५० पीएसआय (दाबाचं एकक), पण ते २१ अंशांना, आणि आमच्याकडे होते चौतीस, म्हणून आकडा चार्टवरून घ्यायचा, तो थोडा जास्त निघतो. भरल्यावर थांबलो, बाटली गार झाली तसा काटा खाली आला, मग परत थोडं भरलं.

शेवटी ऑक्सिजनला चालणारं लीक डिटेक्टर लिक्विड लावलं तर एका नटाशी बारीक बुडबुडा. मी पाना लावणार एवढ्यात दादांनी मनगटच धरलं, प्रेशर असताना नट आवळायचा नाही, आधी लाइन रिकामी करायची. ते केलं, आवळलं, परत हळूहळू प्रेशर दिलं, दहा मिनिटं डोळे लावून बसलो, बुडबुडा नाही. फिटिंग पुसून कोरडं केलं, होजच्या दोन्ही टोकांना कॅप लावल्या आणि लॉगबुकमध्ये प्रेशर अन् तापमान दोन्ही लिहून सही केली.